उभेकाकांनी कुंपण वाढवलं

आमच्या उभेकाकांना बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस इंदुरात सापडला नसता. पोहे ते उभ्याने खायचे, पण इंदुरात पोहे सगळेच उभ्याने खातात, त्यामुळे बरीच वर्षं ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नसावी. चहा उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने, फोन तर अंगणात फेऱ्या मारत. लग्नकार्यात ते वाढायला असायचे, आणि सगळी पंगत उठली की मांडवाच्या खांबाला टेकून, हातात ताटली धरून दोन पुऱ्या उरकायचे. त्यांच्या घरातल्या खुर्च्यांवर वाळलेले कपडे बसत. रात्री तरी हे आडवे होतात का, असं लग्नानंतर मी बायकोला विचारलं होतं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

"बसलं की गंज चढतो, जावईबापू," हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते पहिल्याच भेटीत ऐकावं लागलं, कारण मी आल्याआल्या बसलो होतो. मला बसायला आवडतं. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो, तेही जमेल तेवढं खुर्चीतूनच.

काका म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका. मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीसाठी इंदुरात आलो, इथलीच मुलगी केली आणि इथलाच झालो, फक्त भाषा सोडून. भावाला 'भिया' म्हणणारी काकांची मराठी ऐकताना पहिलं वर्षभर मला वाटायचं की रेडिओवर दोन स्टेशनं एकत्र लागलीत. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे जावयाचे सगळे मानपान काकांच्या अंगावर आले. ते त्यांनी आपल्या पद्धतीने पार पाडले. पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात एका पंपाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी फोरमन म्हणून गेली होती, आणि माणसाचा मान म्हणजे त्याच्या हाताला काम देणं, असं त्यांचं पक्कं मत होतं. अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात, ऐपतीप्रमाणे खाली चांदीचं नाहीतर तांब्याचं ताम्हण असतं. माझ्या अनारशांखाली ड्रिल मशीन निघालं. बायकोचा चेहरा पडला. काका म्हणाले, "ताम्हण घेऊन काय करणार हे? याने काम होईल."

त्याच दिवशी काकूंनी मला दोनदा ओवाळलं. एकदा ओवाळून आत गेल्या, निरांजन पुन्हा पेटवून बाहेर आल्या आणि पुन्हा ओवाळलं. जावयाचा मान वाढला असं समजून मी दोन्ही वेळा पाटावर ऐसपैस बसून राहिलो. काका मात्र दाराच्या चौकटीला टेकून काकूंकडे बघत होते, आणि त्या दिवशी त्यांनी जेवणाची घाई केली नाही.

काकूंविषयी सांगायचं तर त्या काकांच्या बरोबर उलट. शांत, बैठ्या. काका कारखान्यात असताना ही मंडळी पोलोग्राउंडजवळ एका गल्लीत राहायची. काका सकाळी इतक्या घाईने बाहेर पडायचे की दाराशी खिळ्याला टांगलेला डबा आठवड्यातून निम्म्या वेळा तसाच राहायचा. मग काकू पदर खोचून कारखान्याच्या फाटकापर्यंत तो पोचवायला जायच्या. आणि संध्याकाळी पायरीवर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायच्या. काका वळणावर दिसले की "आलात?" एवढंच म्हणायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. बायको सांगते, लहानपणी तिला वाटायचं की "आलात?" हे काकांचं नावच आहे.

निवृत्तीनंतर काकांनी हातोद रस्त्याच्या एका नव्या कॉलनीत घर घेतलं, आणि आमच्याही गळ्यात दोन घरं सोडून एक मारलं. तिथे बिल्डरने परदेशी थाटासाठी प्रत्येक घरापुढे पांढरं प्लास्टिकचं कुंपण लावलं होतं. त्याच्या रंगीत कागदावर 'व्हिनाइल फेन्सिंग' असं छापलेलं होतं. पोकळ खांब, मध्ये तीन आडव्या पट्ट्या, वर पिरॅमिडसारख्या टोप्या, उंची कमरेएवढी. काकांनी बोटाने टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "हे कुंपण आहे की साबणदानी?" पण मग तेच रोज सकाळी ते ओल्या फडक्याने पुसायचे. बसता येत नसल्यामुळे माणसाला पुसायला काहीतरी लागतंच.

काकूंचा विसर पुढच्या वर्षी वाढला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि एकटं सोडू नका म्हणाले. पहिल्यांदा त्या दुधाच्या दुकानाशी सापडल्या. दुसऱ्यांदा मोठ्या रस्त्यावर, हातात या घरातही दाराशी खिळ्याला टांगलेला तोच जुना डबा, रिकामा, एका ई-रिक्षावाल्याला पोलोग्राउंडला चल म्हणून सांगत होत्या. तो भला माणूस, त्याने कॉलनीतल्या चौकीदाराला हाक मारली. फाटकाला कुलूप होतं, मागच्या दाराला वरची कडी. चौकीदाराने बघितलं होतं, आजी कुंपणाच्या पट्ट्यांवर पाय देऊन शिडी चढावी तशा चढल्या आणि पलीकडे उतरल्या. माहेरी त्या चिंचेवर चढायच्या म्हणे. डोकं विसरतं पण पाय विसरत नाहीत.

त्यांचा मुलगा समीर पुण्याला असतो. त्याला हे कळल्यावर तो फोनवर रडला आणि मग ठाम झाला. बाबा, आता एकदा जरी असं झालं तरी मी आईला इकडे आणणार. इथे एक चांगली जागा आहे, चोवीस तास बायका असतात, मी बघून आलोय. काका अंगणात फेऱ्या मारत ऐकत होते. फेऱ्या लहान होत गेल्या, शेवटी ते एका जागी थांबले. फोन ठेवून मला म्हणाले, "जावईबापू, मशीन चार्ज करा. कुंपण वाढवू."

त्यानंतरचे दिवस मी विसरू म्हटलं तरी माझी पाठ विसरू देणार नाही. पोलोग्राउंडात काकांच्या ओळखीच्या एका शेडमध्ये तसलंच पांढरं प्लास्टिक मिळायचं. ते आणायला आम्ही स्कूटरवर गेलो. स्कूटरवर मात्र काका बसायचे. त्यावर ते म्हणायचे, हे बसणं नाही, जाणं आहे. येताना मागे मी, दोन्ही हातांत पुरुषभर उंचीच्या पट्ट्या उभ्या धरून, लढाईवर निघालेल्या पण लढाई कुठे आहे ते ठाऊक नसलेल्या भालदारासारखा. सिग्नलला कॉलेजातली दोन मुलं भेटली. त्यांनी नमस्कार केला. मला हात मोकळे नव्हते, म्हणून मी पट्ट्या हलवल्या.

कामाची पद्धत काकांनी आधी समजावली. पोकळ प्लास्टिकवर प्लास्टिक नुसतं स्क्रूने जोडलं तर पहिल्या वाऱ्यात मान टाकतं. म्हणून खांबाची टोपी काढायची, आत लोखंडी चौकोनी नळी सरकवायची, ती निम्मी आत राहील आणि निम्मी वर येईल, त्या वरच्या निम्म्यावर नवा खांब बसवायचा. मग दोन नव्या खांबांमध्ये बारीक भोकांच्या जाळीची रुंद पट्टी. आणि पट्टी जिथे स्क्रू घेते तिथलं भोक गोल नाही पाडायचं, लांबट पाडायचं. मी विचारलं का. "उन्हात हे वाढतं ना. मालव्याचं ऊन आहे, भिया. त्याला इकडे-तिकडे सरकायला थोडी जागा पाहिजे. पूर्ण कसून टाकलं तर ते जाणार कुठे? फुटेल." हे ते असं सांगायचे की जणू काही प्लास्टिक त्यांच्या नात्यातलं होतं.

मी लांबट भोकं पाडली. काही इतकी लांबट की त्यांना भोक म्हणणं धाडसाचं होतं.

शेजारचे दुबेजी हात मागे बांधून हे सगळं पाहायचे. दुबेजींना बोलण्याआधी घसा साफ करायची सवय आहे, त्यामुळे निदान सावध व्हायला वेळ मिळतो. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "भिया, एक बात बताओ. ये कोई अंदर आ रिया है उसके लिए है, कि कोई बाहर जा रिया है उसके लिए?" दुबेजी वाईट माणूस नाहीत, त्यांना काकूंचं माहीत नव्हतं. काकांनी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि शेवटच्या सगळ्या पट्ट्या स्वतः बसवल्या. मी म्हटलं, काका, थोडे ढिले ठेवायचे होते ना? त्यांनी ऐकलं नसावं. स्क्रू वळत होता आणि कपाळाची शीर फुगली होती.

कुंपण डोक्याच्या वर गेलं. दिसायला सुरेख झालं, हे मला कबूल केलं पाहिजे. समीरला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी मोठा माणूस राहतो.

आत काकू चालत होत्या. आधी त्यांची बेचैनी फक्त संध्याकाळची असायची. आता ती सकाळी चहाच्या आधीच सुरू व्हायची. जाळीला हात लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या, वळायच्या, परत यायच्या. जाळीच्या भोकाला डोळा लावून बघायच्या आणि काही न दिसल्यासारखं पुढच्या भोकाशी जायच्या. मागून काका. जेवताना उठायच्या, काका ताट घेऊन मागे. आमच्या खिडकीतून ते पांढरं कुंपण आणि त्याच्या जाळीआडून सरकणाऱ्या दोन सावल्या दिसायच्या. बायको पडदा ओढून घ्यायची आणि थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा सारायची. मला खुर्चीत बसवेना. मी वह्या तपासायला घ्यायचो आणि त्या हातात घेऊन घरभर फिरायचो. एकदा मी उभ्याने चहा प्यायलो आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही, बायकोने दाखवून दिलं.

वैशाखातली दुपार होती. काकू झोपल्या म्हणून काका चहा प्यायला आमच्याकडे आले होते. ओट्याला टेकून बशीत फुंकर घालत होते. तेवढ्यात बाहेर काहीतरी फाटकन वाजलं, कुणी फळी मोडावी तसं. मग आणखी एकदा. काकांनी बशी खाली ठेवली. त्यांना आवाज कशाचा आहे ते कळलं होतं, कारण ते धावले नाहीत, क्षणभर डोळे मिटून उभे राहिले आणि मग धावले.

कसून बसवलेल्या पट्ट्या उन्हात वाढल्या होत्या, धनुष्यासारख्या बाहेर वाकल्या होत्या आणि एक बऱ्याच आधी, आमच्या कूलरच्या घरघरीत ऐकू न येता, स्क्रूपाशी तडकून, निखळून रस्त्यावर पडली होती; आम्ही ऐकले ते तडे नंतरचे. खाली राहिलं होतं ते जुनंच कमरेएवढं कुंपण, तीन पायऱ्यांचं. दाराशी डब्याचा खिळा रिकामा होता.

आम्ही दोघे दोन दिशांना पळालो आणि दोघेही परत आलो, कारण घाबरलेल्या माणसाला आपली दिशा चुकीचीच वाटते. मग एकत्र मोठ्या रस्त्याकडे निघालो. काका वाटेत एकच वाक्य बोलले. "आज गेली तर समीर नेईल तिला." मी म्हटलं, त्याला कशाला सांगायचं. ते म्हणाले, सांगावं लागेल.

वळणावरच्या पुलियाच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर काकू बसल्या होत्या. झाडाची सावली होती, मांडीवर डबा होता, पदर नीट होता. हरवलेल्या माणसाचं काहीही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्या शहराकडच्या रस्त्याकडे बघत होत्या. काका समोर जाऊन उभे राहिले, धापा टाकत. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाशी बोलतात तसं अदबीने विचारलं,

"भाऊ, तुम्ही पोलोग्राउंडकडून आलात का? आमचे हे दिसले का तिकडे?"

काकांनी बाहीने तोंड पुसलं. "कसे दिसतात?"

"उभेच असतात," काकू म्हणाल्या. "ओळखायला सोपे आहेत. डबा विसरलेत आज." मग कठड्यावर थोडं सरकून जागा करून दिली. "तुम्ही दमलात. बसा ना. येतीलच ते."

आणि काका बसले.

मी हे स्वतः पाहिलंय. आधी कठड्याला हात लावला, मग गुडघे वाकवले, ज्याला सवय नाही त्या माणसासारखे हळूहळू टेकले. दोघेही त्याच रस्त्याकडे बघत राहिले. गाड्या जात होत्या. मी उभा होतो आणि काका बसले होते, आणि मला जगातली एखादी मोठी गोष्ट जागची हलल्यासारखं झालं. काकूंची डब्यावर चाळवणारी बोटं थांबली होती. इतक्या महिन्यांत मी ती थांबलेली पाहिली नव्हती.

मग काका उठले. शहराच्या दिशेने चालू लागले, चहाच्या टपरीच्या मागे दिसेनासे झाले आणि परत फिरले. येताना हात हलवत, घाईघाईने, कारखाना सुटल्यावर चालायचे तसे. काकूंनी कपाळावर हात धरून बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू ओळखीचा झाला, आमच्या ओळखीचा.

"आलात?" त्या म्हणाल्या. "डबा राहिला होता तुमचा."

घरी आल्यावर काकांनी काकूंना चहा करून दिला, मग मशीन मागवलं आणि समोरच्या सगळ्या जाळ्या काढायला घेतल्या. मी पकडत होतो. "ती पळून जातच नव्हती," ते स्क्रूशी बोलल्यासारखे म्हणाले. "वाट बघत होती. मी रस्ताच झाकून टाकला तिचा." आणि थोड्या वेळाने, "घाबरलो होतो, जावईबापू. म्हणून कसून टाकलं." उंच खांब मात्र त्यांनी तसेच ठेवले. मध्ये काहीच नाही, नुसते पांढरे खांब टोप्या घालून उभे. दुबेजींनी घसा साफ करून विचारलं, "भिया, अब ये अकेले खंबे काय के लिए?" काका म्हणाले, "उभे आहेत बिचारे. राहू द्या."

रात्री त्यांनी समीरला सगळं सांगितलं. समीर म्हणाला, दिवाळीला येतो आणि घेऊन जातो, आता वाद नको. काकांनी वाद घातला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मला काम दिलं होतं ते असं की अंगणात काकूंशेजारी खुर्चीवर बसायचं. माझ्या लायकीचं काम त्या माणसाने मला पहिल्यांदाच दिलं. काका डबा घेऊन मागच्या दाराने गल्लीत जायचे, कॉलनीला वळसा घालायचे आणि समोरच्या रस्त्याने यायचे. काकू कमरेएवढ्या कुंपणावरून बघत बसायच्या. "आलात?" "आलो." मग काका फाटकाचं कुलूप उघडून आत यायचे, आणि त्यानंतर रात्र शांत जायची. पावसात छत्री घेऊन यायचे. ताप असतानाही आले. एकदा मी म्हटलं, आज राहू द्या, काकूंना कळणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डबा खिळ्यावरून काढला.

त्या उन्हाळ्यापासून काकू एकदाही कुंपण चढल्या नाहीत.

काका नवरात्र संपल्यावर गेले. सकाळी ओट्यापाशी चहा करताना जरा टेकले, आणि टेकलेलेच राहिले. गॅस त्यांनी बंद केला होता.

समीर आला, सगळं विधिवत झालं. पाहुणे पांगले तशी घरात एकच गोष्ट उरली, काकूंना पुण्याला नेण्याची. समीरने काकूंची बॅग भरली होती. संध्याकाळ झाली तशा काकू उठल्या, कुंपणाशी गेल्या, या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरू लागल्या. समीर मागून फिरू लागला, अगदी बापासारखा, हात पुढे करून. "आई, बस ना," तो म्हणत होता.

मी विचार केला नाही. केला असता तर गेलो नसतो. खिळ्यावरचा डबा काढला, मागच्या दाराने गल्लीत आलो, वळसा घातला. माझी चाल काकांसारखी नाही, पोट पुढे येतं. तरी हात हलवत, घाईघाईने समोरच्या रस्त्याने आलो. दुबेजी त्यांच्या दारात होते. त्यांनी या वेळी घसा साफ केला नाही.

काकूंनी कपाळावर हात धरला. मला नीट न्याहाळलं. मी फाटकाशी पोचलो तरी त्या बघतच होत्या, आणि मला कळलं की मी फसवू शकलेलो नाही.

"तुम्ही होय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ते कुठे राहिले?"

समीर तोंड फिरवून उभा होता. मला जे सुचलं ते मी बोललो. "मागून येतायत."

काकूंनी मान डोलावली. खांबावरचा हात सोडला, खुर्चीशी गेल्या आणि बसल्या. पदर सारखा केला आणि रस्त्याकडे बघत, कुणाची समजूत घालावी तशा मला म्हणाल्या,

"येतील. ते कुठे बसून राहणारे नाहीत."

समीर आत गेला. बॅगेची चेन आणि मग काकूंचं कपाट उघडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. माझी खुर्ची काकूंच्या शेजारी रिकामीच होती. मी डबा हातात धरून खांबाला टेकलो आणि तसाच उभा राहिलो.